एव्हर्टची हिरवी गाडी

“अगंबाई, कसली विचित्र मोटरसायकल विकायला काढलीय बघा!” असं म्हणत आनेलीनं आपला फोन सासऱ्यांपुढे धरला, आणि केक कापायला उचललेली एव्हर्टची सुरी तशीच हवेत थांबली...

फोनवर एक जुनी गाडी दिसत होती. गर्द हिरवी टाकी, आणि पुढचं चाक भलतंच पुढे गेलेलं.

“ही टाकी मी ठोकलीय,” म्हातारा हलकेच म्हणाला. मग त्यानं टेबलाच्या टोकाला बसलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं. “आणि गाडीची वाट कुणी लावली, ते तिकडे विचार!”

मरिटाची मान खाली गेली. समोर बसलेला तिचा धाकटा भाऊ स्टेलान, आनेलीचा नवरा, बिनसाखरेची कॉफी उगाच ढवळत राहिला. चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाचा केक मग कुणालाच गोड लागला नाही.

बेचाळीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला! स्वीडनमधल्या मोटाला गावी, याच घरामागच्या वर्कशॉपमध्ये एव्हर्टनं चार हिवाळे खपून ती गाडी घडवली होती. इंजिन एक्कावन्न सालचं, इंग्लंडचं. बाकी सगळं त्याच्या मनातलं. सांगाडा कापून लांबवला, पुढचे दांडे वाढवले, टाकी साध्या पत्र्यातून हातानं ठोकून काढली. आणि त्या चारही हिवाळ्यांत गारठलेल्या बोटांनी त्याच्या शेजारी बसून नट आवळत होती ती मरिटा! “माझ्यामागे हे सगळं हीच बघणार,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगे. स्टेलान मात्र दारात दिसला, की ओरडे, “तू लांब राहा. मोडून ठेवशील काहीतरी!”

आणि त्यानं मोडलीच. जून महिन्यातल्या सणाच्या दिवशी सगळं गाव कुरणावर नाचत असताना सतरा वर्षांच्या स्टेलाननं गाडी गुपचूप बाहेर काढली आणि तळ्याकडच्या वळणावर दगडी कुंपणात घातली. मरिटाला तो सापडला तेव्हा कोपर सोलपटलेलं आणि ओठ पांढरेफटक पडलेले होते.

“पप्पा मला घराबाहेर काढतील गं! लायसन्स नाही माझ्याकडे... जहाजाच्या शाळेतली जागासुद्धा जाईल!”

तिनं क्षणभरच विचार केला. “मी चालवत होते असं सांगू. मला ते माफ करतील, स्टेलान. तुला नाही करणार.”

पण एव्हर्टनं माफ केलं नाही! “दुसऱ्या कुणी केलं असतं तर सोसलं असतं मी... पण तू?” एवढंच तो म्हणाला. आठवड्याच्या आत मोडकी गाडी कुणा वाटसरूच्या ट्रकवर चढली, वर्कशॉपला कुलूप लागलं, आणि बापाच्या काळजाचं दारही बंद झालं. मरिटा नॉरशोपिंग शहरात गेली आणि ट्राम चालवू लागली. त्याच्या वाढदिवसाला यायची, तेव्हा तो तिच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं हवापाण्याचं बोलायचा. स्टेलान दर नाताळात फोनवर म्हणे, “यंदा सांगूनच टाकतो,” आणि ती म्हणे, “आता कशाला? त्यांना शांतपणे म्हातारं होऊ दे.”

वाढदिवसाच्या दुसऱ्याच सकाळी मरिटा जाहिरातीतल्या पत्त्यावर, यॉन्शोपिंग शहरात पोचली. रॅग्नार नावाच्या एका धिप्पाड म्हाताऱ्यानं ती गाडी वर्षानुवर्षं खपून पुन्हा उभी केली होती. आता त्याचे गुडघे किक मारू देत नव्हते.

“आजवर आले ते सगळे विचारत होते, किती वेगानं पळते,” तो म्हणाला. “तू आल्यापासून नुसती टाकीवरून हात फिरवतेयस. रडतेयस का काय?”

“माझ्या वडिलांची आहे.”

रॅग्नारनं गाडीचे कागद तिच्यापुढे ठेवले. “मग ने. पण चालवता येते ना, बाई? की दोरी बांधून ओढत नेणार?”

“ट्राम चालवते मी!”

“ट्रामला पडायची भीती नसते!” असं म्हणत त्यानं खदखदून हसत दोन हेल्मेटं तिच्या हातात कोंबली. निवृत्तीनंतर तळ्याकाठी एक चिमुकलं लाकडी घर घ्यायला मरिटानं साठवलेले पैसे गाडीच्या किमतीत गेले, आणि तिचं ते जुनं स्वप्न त्या दुपारी संपलं. आणि आश्चर्य म्हणजे तिला त्याची जराही हळहळ वाटली नाही!

महिनाभर ती रिकाम्या मैदानांवर नव्यानं शिकत राहिली. दोनदा आडवी झाली, पायाची नडगी काळीनिळी झाली. गाडी तेल गाळायची, सकाळी रुसून बसायची. मरिटा तिला शिव्या घालायची आणि लगेच तिची समजूतही काढायची. अखेर एका रविवारी तळ्याचा सगळा किनारा मागे टाकत ती मोटालाला, वडिलांच्या अंगणात येऊन उभी राहिली.

आवाज ऐकून एव्हर्ट दारात आला. गाडी पाहताच तो एक पाऊल पुढे आला... पण दुसऱ्याच क्षणी तो गर्रकन वळला.

“जखमेवरची खपली काढायला आलीस? घेऊन जा ती!”

“पप्पा, ही तुमची आहे. तुमच्यासाठी आणलीय—”

“मला तुझ्याकडून काही नको!”

“पप्पा, थांबा!” वडिलांच्या अंगणातली हिरवळ कापायला आलेला स्टेलान यंत्र तसंच टाकून धावत आला. एकोणसाठ वर्षांचा तो जहाजावरचा अधिकारी बापापुढे गुडघ्यांवर बसला. “मी मोडली होती! तिनं नाही... मी! ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी बेचाळीस वर्षं तिला एकटीला जळू दिलं!”

एव्हर्टनं दाराची चौकट धरली.

“का?” अखेर त्यानं मरिटाला विचारलं. “का सांगितलंस तसं?”

“मला वाटलं होतं...” तिनं हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. “मला वाटलं होतं, मला तुम्ही माफ कराल.”

म्हाताऱ्याच्या छातीतून एक हुंदका फुटला. मग त्याचे डोळे पेटले आणि तो स्टेलानकडे वळला, पण मरिटा मध्ये उभी राहिली. “नाही पप्पा! एका लेकराला गमावून बसलात तेवढं पुरे. आता दुसरं नको.”

एव्हर्टनं चौकट सोडली. मग पायऱ्या उतरून आला आणि पहिल्यांदा त्यानं हात लावला तो गाडीला नव्हे, लेकीच्या पिकलेल्या केसांना! “वेडी गं माझी पोर...” एवढंच त्याला बोलता आलं.

“मागे बसणार?” डोळे पुसत तिनं विचारलं.

तळ्याकाठच्या व्हाडस्टेना गावापर्यंतच्या रस्त्यावर त्यानं तिच्या कमरेला घट्ट विळखा घातला होता, आणि दर वळणाला तो कानात ओरडत होता, “गिअर उशिरा टाकतेस! कान कुठे ठेवलेत? इंजिन सांगतंय ना तुला!” ती रडत होती आणि हसत होती.

तिथल्या किल्ल्याजवळ ते थांबले. तळ्यावरून वारा येत होता. एव्हर्टनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि ते मांडीवर घेऊन तो बाकावर बसला.

“स्टेलानला फोन लाव,” तो म्हणाला.

“काय सांगू?”

“विचार, हे हेल्मेट त्याच्या डोक्याला बसेल का म्हणावं.” त्यानं हेल्मेट उलटसुलट फिरवून पाहिलं. “बसणार नसेल तर दुसरं बघू. उद्यापासून त्याला चालवायला शिकवतो... त्याला मी कधी शिकवलंच नव्हतं गं, मरिटा.”