कोपरावरचे निळे पट्टे

"हलायचं नाही! गुंता सुटेपर्यंत अस्संच उभं राहायचं!"

मॅनेजर गरजला आणि ओल्या दोराचा तो भलामोठा गुंता त्याने मामाच्या गळ्यात अडकवला. बोटीत बसायला आलेली माणसं फिदीफिदी हसली. दोघातिघांनी तर फोटोही काढले! सुट्टीला मामाकडे आलेल्या मिरचीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मामा तलावावरचा जीवरक्षक. कालच एक मुलगा बोटीतून पाण्यात पडला, मामाने त्याच्याकडे दोर फेकला, आणि दोर अर्ध्यातच गाठ बसून अडला! मग मामाने स्वतः उडी घेऊन मुलाला बाहेर काढलं. मुलगा वाचला, पण खापर फुटलं मामाच्याच डोक्यावर. परवा कमिटी येणार होती. मामाची नोकरी जाणार आणि बोटघराच्या मागची राहती खोलीही जाणार, हे मॅनेजरने आधीच सांगून टाकलं होतं.

"पण बाबा दोर गुंडाळून ठेवतच नाहीत!" मामाचा मोठा मुलगा चष्मिस म्हणाला. तिघं पोरं पालथ्या घातलेल्या बोटीखाली खलबतं करत बसली होती. "ते हातभर हातभर दोर पिशवीत कोंबतात. दिसतो गबाळा, पण फेकला की शेवटपर्यंत सरसर सुटतो."

"मग काल?"

"काल पिशवी रिकामी! दोर खुंटीवर, छान गोल वेटोळं करून टांगलेला. बाबांनी धावत येऊन तोच उचलला."

"ते वेटोळं कुणी केलं?" मिरचीने विचारलं.

"ते कळलं असतं तर बाबांच्या गळ्यात गुंता पडला असता का, शहाणे?"

एक सुतळी घेऊन मिरची पंजा आणि कोपर यांच्याभोवती भराभर गुंडाळू लागली. गबाळेपणा ज्याच्या डोळ्यांत खुपतो तो असंच गुंडाळणार. दर वेढ्याला दोराला पीळ पडतो आणि ओढलं की वेढ्यात वेढा अडकतो. गुंडाळताना तिची नजर आपल्या कोपरावर गेली आणि ती एकदम ओरडली, "चष्मिस, बोटींचा निळा रंग कुठे असतो रे?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाने पिशवी भरली आणि पाठ फिरवली. लगेच पोरांनी दोर पुन्हा बाहेर काढला, त्याच्यावर जागोजागी रंग चोपडला आणि होता तसा आत कोंबला. निळ्या दोरावर निळा रंग, कुणाला दिसतोय!

"पण उद्या खरंच कुणी बुडालं तर?" धाकटा ढब्बू म्हणाला.

प्रश्न बिनतोड होता. मिरचीने कपाटातला जादा दोर काढून दुसरी पिशवी भरली आणि ती स्वतःजवळच ठेवली.

सकाळी कमिटी बोटींच्या धक्क्यावर आली. अध्यक्षबाई म्हणजे जहाजावर उभी हयात घालवलेल्या, करड्या नजरेच्या बाई. मॅनेजर पुढे पुढे करत होता. "बघा मॅडम! तुम्ही येणार म्हणून आज ह्याने दोर कसा नीट टांगलाय. एरवी सगळा आनंदीआनंद!"

"मी नाही टांगला, साहेब," मामा म्हणाला.

"गप्प बस! खोटारडा!"

"तुम्ही दोराला हात लावता का?" अध्यक्षबाईंनी मॅनेजरला विचारलं.

"मी? छे! बोटसुद्धा लावत नाही."

"मग कोपर दाखवा!" मिरची ओरडली.

मॅनेजरने तळहात रॉकेलने स्वच्छ धुतले होते, पण स्वतःचं कोपर कोण बघतं? अर्ध्या बाह्यांच्या शर्टाखाली कोपरावर निळे पट्टे होते, एकाखाली एक!

"बो-बोटीचा रंग लागला असेल..."

"बोट कोपराने ढकलता वाटतं?" चष्मिसने विचारलं. सगळा धक्का खदखदून हसला.

कोपर लपवत मॅनेजर एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. तिसऱ्या पावलाला धक्का संपला होता!

धप्पकन आवाज झाला. मॅनेजर पाण्यात गटांगळ्या खाऊ लागला. गेली सहा वर्षं तलावाचा कारभार पाहणाऱ्या ह्या गृहस्थाला पोहता येत नव्हतं!

मामाने खुंटीवरचं वेटोळं ओढून फेकलं. व्हायचं तेच झालं. गाठीगाठींचा गोळा चार हातांवर पाण्यात पडला.

"हलायचं नाही, साहेब! अस्संच राहायचं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा पिकला.

मिरचीच्या काखेत दुसरी पिशवी होती. तिने ती घट्ट धरली. एक, दोन, तीन... मॅनेजरचं डोकं खाली गेलं. चार, पाच... वर आलं. डोळे पांढरे झाले होते. तिला बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं. सहा, सात...

उडी घ्यायला निघालेल्या मामाची नजर तिच्यावर पडली. त्याने पिशवी हिसकावली आणि फेकली. दोर सरसर सुटत थेट मॅनेजरच्या हाताशी गेला.

मॅनेजर बाहेर आला, धक्क्यावर पालथा पडून पाणी ओकू लागला. ढब्बूने तो गुंता आणून त्याच्या गळ्यात घातला. मामाने काही न बोलता तो काढून घेतला.

"तुम्ही आजपासून घरी," अध्यक्षबाईंनी मॅनेजरला सांगितलं आणि त्या मामाकडे वळल्या. "तुम्ही इथेच. दोर तुमच्याच पद्धतीने राहील. आणि शाबास रे पोरांनो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा मिरचीजवळ येऊन उकिडवा बसला.

"पिशवी फार छान भरलीस. एकसुद्धा गाठ नाही."

मिरचीचा चेहरा फुलला.

"किती मोजलेस?" मामाने हळूच विचारलं. "तुझे ओठ हलत होते."

मिरची धक्क्यावरच्या ओल्या दोराकडे बघू लागली.

"त्या दिवशी तो मुलगा पाण्याखाली होता ना, तेव्हा मीही मोजत होतो. चार झाले तेव्हा मी उडी घेतली."

"सात," मिरची म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"काय धीराची पोर आहे!" अध्यक्षबाई सगळ्यांना सांगत होत्या. "जरासुद्धा घाबरली नाही!" लोक पुन्हा टाळ्या वाजवू लागले. मिरची मान खाली घालून उभी राहिली.