लाडोबा पाऊल टाकेना

लाडोबाला त्याच्या स्वतःच्या पायांनी डोंगरावरच्या बचाव पथकाच्या ठाण्यावर पोचवायचं, एवढ्याचसाठी त्याला बनवणारी इंजिनीअर बाई आणि तिचे दोन सोबती अशी तिघं निघाली होती. लाडोबा म्हणजे अडकलेल्या माणसापर्यंत दोर नेणारा चार पायांचा रोबो! रिमोट नाही, काही नाही. वाट त्यानंच शोधायची, काय करायचं ते त्यानंच ठरवायचं. पथकाचे साहेब वर वाट पाहत बसले होते. लाडोबा चालत आला तर काम पुढे जाणार, नाहीतर कार्यशाळेला कुलूप.

आणि लाडोबा चालेल तर शपथ!

खडा हलला, थांबला. गवत ओलं लागलं, थांबला. पाठीवरचा लाल दिवा लावायचा आणि ढिम्म उभा राहायचा. मग इंजिनीअर बाईचा दादा आणि जाड्या दोन बाजूंनी उचलून त्याला पुढच्या सपाटीवर नेऊन ठेवायचे. दादा या डोंगरातला जुना वाटाड्या. जाड्या बॅटऱ्या सांभाळणारा इलेक्ट्रिशियन, अंगानं नुसता काटकुळा.

"हा म्हणे लोकांना वाचवणार!" दादा धापा टाकत म्हणाला. "आधी याला कडेवर घ्यायला चार माणसं ठेवा म्हणावं."

"दादा, गप्प बस हं!"

बाईच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. कार्यशाळेच्या फरशीवर हाच दिवटा काय तुरुतुरु चालायचा! कारण तिला ठाऊक होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. मागे एकदा जिन्यावरून गडगडून त्याचा पाय मोडला, दुरुस्तीत महिना गेला, तेव्हा वैतागून तिनंच त्याच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यांत वरचा नियम घातला होता: पडायचं नाही. आधी तोल, मग काम. फरशीवर तो नियम शहाणपणाचा वाटला, पण इथे एकही दगड जागेवर राहायला तयार नव्हता. नियम काढायचा तिला धीर होईना. पडून मोडला तर? तीन वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं.

दुपार कलली आणि ओढा आडवा आला. उन्हानं वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर ओढे फुगतात, म्हणून दादा पहाटेपासून घाई करत होता. लाडोबाच्या नखऱ्यांत सगळी सकाळ गेली होती.

"आधी मी बघून येतो," म्हणत दादा दगडांवरून निघाला. मधल्या मोठ्या खडकावर पोचला आणि पायाखालचा दगड निसटला! दादा आपटला. उठायला गेला, तर पाय टेकवेना.

पाणी चढत होतं.

जाड्यानं दोर फेकला. वाऱ्यानं उडवला. पुन्हा फेकला. पुन्हा पाण्यात! मग तो स्वतःच उतरला. कमरेइतक्या पाण्यात जाताच प्रवाहानं त्याचे पाय उचलले. बाईनं कॉलर धरून त्याला ओढून काढलं.

"लाडोबा!" तिनं दोराचं टोक त्याच्या पाठीला अडकवलं. तिघांच्याही गळ्यात सिग्नल देणारे बिल्ले होते. दादाचा बिल्ला लक्ष्य म्हणून दिला. लाडोबानं एक पाऊल टाकलं. दगड हलला. लाल दिवा!

"अरे मेल्या, माझा भाऊ जातोय तिथे!" ती किंचाळली. त्याच्यावर ओरडून काय उपयोग? नियम तिचाच होता.

तिनं लॅपटॉप उघडला. वरची ओळ पुसली. आता एकच गोष्ट उरली: दादापर्यंत पोच आणि त्याच्याजवळ राहा.

लाडोबा निघाला! घसरला. पडला. उठला! पडून उठायचं तिनंच त्याला शिकवलं होतं, फक्त तशी वेळ कधी येऊ दिली नव्हती. पुन्हा पडला. पाण्याखाली दिसेनासा झाला. पलीकडच्या दगडावर वर आला! मागचा एक पाय कपारीत अडकला, कडकन मोडला. उरलेल्या तीन पायांवर खुरडत तो खडकावर चढला आणि दादाच्या मांडीशी कोसळला.

दादानं दोर सोडवून स्वतःच्या कमरेला बांधला. "याचं काय करू?"

"सोड त्याला! तू ये!" बाई ओरडली, आणि ओरडतानाच तिला रडू फुटलं.

दोघांनी जिवाच्या आकांतानं ओढलं. दादा काठाला लागला. तिनं वर पाहिलं तर लाडोबाही पाण्यात उतरत होता. दादाजवळ राहायचं होतं ना त्याला! लोंढ्यानं त्याला उचललं आणि वळणाआड नेलं.

आता वर जाण्यात काही अर्थच नव्हता. जाड्यानं वायरलेसवर साहेबांना सांगून टाकलं, "आम्ही परत चाललोय." दादाला मध्ये घेऊन ती दोघं ओढ्याच्या काठानं उतरू लागली.

खालच्या वळणावर जाड्या एकदम थांबला. "अगं, ते बघ!"

वाळूच्या पट्ट्यावर चिखलानं माखलेला लाडोबा होता. तीन पायांवर, डोंगर चढत, दादाच्या दिशेनं! दोन पावलं टाकली आणि तोंडावर आपटला.

बाई त्याला उचलायला धावली. दादानं तिचा दंड धरला.

"उचलू नकोस," तो हळूच म्हणाला. "येतोय तो."

मग तिघंही तिथेच दगडांवर बसून त्याची वाट पाहत राहिली.