मोरेनाचा कळप

अंगणाच्या फाटकाशी मोरेना जोरात भुंकला आणि मग एकदम गप्प झाला. ओनालेन्नाचा, घरच्यांच्या ओनाचा, ढवळता हात थांबला. मोरेना भुंकत असला तर भ्यायचं कारण नसे. तो गप्प झाला म्हणजे त्याच्या तोंडात काहीतरी आहे, आणि बहुतेक वेळा ती कुणाची तरी पँट असे.

आंबील ढवळायची पळी घेऊनच ती धावली. पण फाटकाशी कुणी ओरडत नव्हतं, पळतही नव्हतं. एक उंच तरुण कुत्र्याकडे पाठ करून धुळीत मांडी घालून बसला होता. खिशातून मोपानेच्या झाडावरच्या वाळवलेल्या अळ्या काढून कुरूमकुरूम खात होता. मोरेनाच्या तोंडात त्याची टोपी होती, आणि जन्मात पहिल्यांदाच मोरेनाला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं.

"डुमेला, म्मा," मागे वळून न बघताच त्याने बाईमाणसाला करायचा नमस्कार केला. "माझं गाढव हरवलंय. एक कान फाटका आहे. इकडे आलं का?"

"नाही आलं. पण... तू पळाला नाहीस?"

"पळालो असतो तर त्याने पकडलं असतं. बसलेल्या माणसाला पकडून काय करणार?" मग तो वळला, आणि तिच्या हातातल्या पळीकडे बघून हसला. "ती कुणासाठी आणलीस? त्याच्यासाठी की माझ्यासाठी?"

ओनाने पळी मागे लपवली. पळीवरची आंबील तिच्याच स्कर्टवर ओघळली.

त्याचं नाव मोआगी. नदीपलीकडे गुरांच्या तळावर राहायचा आणि शेळ्या राखणारी कुत्री वाढवायचा. हे ऐकलं मात्र, ओनाची आई घरातून बाहेर आली आणि त्याला बसायला स्टूल दिलं. त्या घरात कुणी परका पुरुष स्टुलावर बसला, याला फार दिवस झाले होते.

मोरेना म्हणजे मालक. पिल्लू असताना हे नाव गोड वाटलं होतं, पुढे ते खरं ठरलं. ओनाला मागणी घालायला दोनदा मामेमंडळी आली. आमच्याकडे नवरा मुलगा स्वतः बोलत नाही, त्याचे मामा-काका पहाटे येऊन बोलतात. दोन्ही वेळा मंडळी बोलणं अर्धवट टाकून कुंपणावरून गेली. एक मामा तर काटेरी कुंपणातच अडकून राहिला. पंचक्रोशीत म्हणच झाली... मुलगी नको, पण कुत्रा आवर.

तिथवर ठीक होतं. पण मग मोरेनाने खुद्द गावप्रमुखांना धरलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत प्रमुखांनी उभ्यानेच निकाल दिला, कारण बसणं त्यांना जमत नव्हतं. सुगीच्या सणापर्यंत हा कुत्रा शेळ्या राखायला शिकला तर ठीक, नाहीतर माझी बंदूक आहे. त्या दिवसापासून ओनाला घास गोड लागत नव्हता.

मोआगीने सगळं ऐकून घेतलं. "हा लहानपणी कुठे वाढला?"

"माझ्या शालीत," ओना म्हणाली. "त्याची आई साप चावून मेली. याचे डोळेही उघडले नव्हते. थंडीचे दिवस होते, मग मी..."

"शेळ्यांच्या वाड्यात टाकायचा होता, करडांच्या मध्ये. डोळे उघडल्यावर जे दिसेल, जो वास येईल, तोच कुत्र्याचा कळप. याने डोळे उघडले तर तू दिसलीस." त्याने मान हलवली. "हा वाईट नाही, म्मा. हा इमानाने काम करतोय. फक्त त्याची शेळी तू आहेस."

"मला शेळी म्हणालास?"

"त्याचं मत सांगितलं. माझं मत कुणी विचारलेलं नाही."

आईला अचानक खोकला आला आणि ती आंबील बघायला आत गेली.

उपाय मात्र सोपा होता. ओनाची ती जुनी निळी शाल मोआगीने तिच्याकडून मागून घेतली, फाडली आणि पहिली चिंधी घरच्या कळपातल्या म्होरक्या शेळीच्या गळ्यात बांधली. मोरेनाने शेळी हुंगली. तिच्या गळ्याला ओनाचा वास येत होता. तो विचारात पडला. दिवसभर तो एकदा शेळीकडे आणि एकदा ओनाकडे बघत राहिला, जसं काही कुणीतरी त्याला फसवतंय. मग आणखी एका शेळीला चिंधी, मग आणखी एकीला. ओनाला रोज वाड्यात बसावं लागे, कारण ती नसेल तर मोरेना घरी पळे. आणि मोआगीला बसावं लागे, कारण... तो शिकवणारा होता. संध्याकाळी तो गाढव शोधायला म्हणून निघे, आणि सकाळी परत हजर होई.

मोरेना दोघांच्या मध्ये बसे. मोआगी जरा सरकला की गुरगुरे.

"याला वाटतं मी कोल्हा आहे," मोआगी म्हणे.

"त्याचं नाक चांगलं आहे."

मग तो खिशातली अळी काढी. शहाण्यासारखं वागल्याबद्दल एक मोरेनाला, आणि एक ओनापुढे धरी.

"मलाही शिकवतोयस की काय?"

"तू जरा मंद आहेस. वेळ लागेल."

ती अळी घेई. बोटाला बोट लागे. मोरेना गुरगुरे, पण हळूहळू त्याचं गुरगुरणं नुसतं रिवाजापुरतं उरलं.

एका दुपारी कोल्हा आला. मोरेना उठला, ओनाकडे ढुंकूनही न बघता शेळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि कोल्ह्याला पार नदीपर्यंत घालवून आला. बातमी गावभर झाली. आईने कोंबडी कापली. ओनाने टाळ्या वाजवल्या आणि मग मध्येच हात खाली घेतले. कुत्रा शिकला. आता मोआगी जाणार.

दुसऱ्या दिवशी मोरेना वाडा सोडून घरी आला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला धरलं.

मोआगी कळपातून फिरला आणि ओनासमोर उभा राहिला. "म्होरकीच्या गळ्यातली चिंधी कुठे गेली?"

"वाऱ्याने नेली असेल."

"वाऱ्याने गाठ सोडली?"

ओना जमिनीकडे बघत राहिली. चिंधी तिच्या केसांत बांधलेली होती. तिला वाटलं होतं, रुमालाखाली दिसणार नाही.

"ओना, प्रमुखांकडे बंदूक आहे. हा खेळ नाही."

"माहीत आहे मला." तिचे डोळे भरले. "रात्रभर मला तेच दिसत होतं. पण... तो शिकला की तू जाशील. एवढ्या कुत्र्यांचं मन ओळखतोस, एका बाईचं ओळखता येत नाही?"

मोआगीने टोपी काढली. मग डोकं खाजवत म्हणाला, "माझं गाढव..."

"आता गाढवाचं काय?"

"दुसऱ्याच दिवशी सापडलं. भावाबरोबर तळावर पाठवून दिलं. तुला सांगायचं राहून गेलं."

"रोज संध्याकाळी तू गाढव शोधायला जात होतास."

"हो. चालून चालून पाय दुखले."

ती इतकी हसली की तिला वाड्याचा खांब धरावा लागला. मग केसांतली चिंधी सोडून तिने स्वतः म्होरकीच्या गळ्यात बांधली, अगदी घट्ट. उरलेली शाल मोआगीने घडी करून खिशात ठेवली.

"मामांना पाठवतो," तो म्हणाला.

"जाड पँट घालून या म्हणावं."

सुगीच्या सणाला मोरेना शेळ्यांमागे शिस्तीत चालत गेला. प्रमुख लांबूनच बघत होते. त्यांनी मान डोलावली आणि जपून खुर्चीवर बसले.

त्यानंतर एका पहाटे फाटकाशी मोआगीची मामेमंडळी उभी राहिली. कोट घातलेले, टोप्या हातात घेतलेले, भारदस्त म्हातारे. आणि प्रत्येकाच्या गळ्यात निळ्या शालीची एकेक चिंधी. ओना दाराच्या फटीतून बघत होती.

मोरेना वाड्यातून आला. एकेकाला हुंगलं. मोठे मामा डोळे मिटून उभे होते. मग मोरेना त्यांच्या मागे गेला आणि नाकाने ढोसत ढोसत सगळ्यांना अंगणात आणून घातलं.

"आम्ही भोपळाभर पाणी मागायला आलो आहोत," मोठे मामा रिवाजाप्रमाणे म्हणाले; मुलगीच मागायची, पण पाण्याच्या नावाने. एक डोळा अजून मोरेनावर होता. रिवाजाप्रमाणेच, निरोप मिळून आधीच आलेल्या ओनाच्या मामांनी सांगितलं, आम्ही विचार करू, तुम्ही पुन्हा या. मंडळी उठली, फाटकाकडे वळली.

फाटकात मोरेना आडवा बसला होता. चुकार शेळ्यांकडे बघावं तसा बघत होता. मंडळी परत येऊन बसली. पुन्हा उठली. पुन्हा बसली. ऊन चढलं.

"जावईबापूंनी स्वतःच्या मामांना असं अडकवलं?" ओनाच्या आईने विचारलं.

"म्मा," मोठे मामा घाम पुसत म्हणाले, "आम्हाला घरी जायचंय. काहीतरी उत्तर द्या."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. ओनाने दार उघडलं. लांब, शेळ्यांच्या वाड्यापाशी, एक उंच माणूस आपण तिथे नाहीच असं दाखवत उभा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली, पाण्याने भरलेला भोपळा दोन्ही हातांनी घेऊन आली आणि मोठ्या मामांसमोर गुडघे टेकून धरला.

मोरेना उठला, अंग झाडलं आणि फाटक मोकळं करून शेळ्यांकडे निघून गेला.