तोंडात टाचण्या असताना

पटो न पटो, हे घडलंय. तेही मध्यरात्री नाही, भर दुपारी तीन वाजता... बाजारामागच्या गल्लीत, शिवणाच्या दुकानात.

दुकान दोघी बहिणींचं. धाकटी वर्षापूर्वी गेली. तिचं मशीन अजून खिडकीशी झाकून ठेवलेलं असतं.

थोरलीची झोप उडाली. माणसांपाशी ती बोलेना, तेव्हा धाकटीच्या लेकीने तिच्या मोबाइलवर एक चॅटबॉट घालून दिला. "मावशी, याच्यापाशी तरी मन मोकळं कर."

आधी थोरलीने नाक मुरडलं. मग सवयच लागली. हात कामात, मोबाइल टेबलावर, तोंडाची टकळी चालू. बोलेल ते पडद्यावर उमटायचं, आणि मोबाइल बोलून उत्तर द्यायचा. झोपही लागू लागली.

एकच गोष्ट तिने त्यालाही सांगितली नव्हती.

त्या दुपारी ती पुतळ्यावर ड्रेसची खालची पट्टी टाचत होती. टाचण्या ओठांत धरलेल्या. अशा वेळी ती हूं की चूं करत नाही.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

मोबाइल हळूच म्हणाला, "दम लागतोय म्हणालात... कधीपासून?"

तिने पडद्यावरचं मागचं सगळं वाचून काढलं. तिच्या बोलण्यात अधूनमधून भलत्याच ओळी होत्या... गेला महिनाभर.

'ताई, दम लागतोय. छातीत दुखतंय.'

'ताई, डॉक्टरकडे चल ना.'

सगळ्या ती टाचायला बसते त्या वेळच्या.

हे शब्द तिने एकदाच ऐकले होते, याच दुकानात. तेव्हा मान वर न करता ती म्हणाली होती, "एवढी पट्टी होऊ दे, मग निघू."

पट्टी झाली, तेव्हा धाकटी मशीनवर डोकं टेकून होती. ती उठलीच नाही.

थोरलीने टाचण्या थुंकल्या. वर्षभर घशात अडकलेलं सगळं बोलली. "चुकलं गं माझं."



मग पडद्यावर एक ओळ उमटली...

'झाली का पट्टी? निघू या ना.'

चॅटबॉट तिने काढून टाकला. पण तेव्हापासून ती कुठलीच पट्टी पुरी करत नाही. शेवटचे चार टाके भाचीकडून घालून घेते. भाची तिला हसते, पण घालते.

परवा टाके घालता घालता भाची सहज म्हणाली, "मावशी, हल्ली जिना चढताना मला दम लागतो गं."

थोरलीने तिच्या हातातली सुई काढून घेतली. दुकान उघडं टाकलं आणि तिला घेऊन तशीच निघाली.

खिडकीकडे बघायचा धीर मात्र तिला झाला नाही.