जिन्याखालचा डेलिया

रविवारी सकाळी ती पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन मागच्या अंगणात आली, तर तिच्या टोमॅटोच्या रोपांपुढे एक अनोळखी तरुण उकिडवा बसला होता.

"अहो! कोण तुम्ही? आत कसे शिरलात?"

तो दचकून उठला. "माफ करा… पुढची बेल दोनदा वाजवली."

"ती वाजत नाही."

"पूर्वीही वाजायची नाही. म्हणजे… आम्ही इथेच राहायचो. तुमच्या आधी."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आता वडिलांबरोबर एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होता. "लिफ्ट आहे, आणि ती बंद पडली की मी आहे," तो म्हणाला. ती हसली, आणि बादली खाली ठेवली.

"ह्या कोपऱ्यात आईने लावलेला डेलिया होता," तो सांगू लागला. "तळहाताएवढी जांभळी फुलं यायची. आई गेल्यावर बाबांनी सात वर्षं जपला. वरून दरवर्षी वाळतो, पण खाली कंद जिवंत असतात. पाऊस सरल्यापासून बाबा रोज विचारतात, कोंब आला का? म्हटलं, एकदा बघून यावं."

"कंद… कसे दिसतात?"

"रताळ्यासारखे. सख्खे भाऊ म्हणा."

तिची नजर टोमॅटोच्या रोपांकडे गेली.

पाच महिन्यांपूर्वी ती आणि आत्या ह्या घरात आल्या, तेव्हा पावसाला अजून अवकाश होता. टोमॅटोसाठी तिने हाच कोपरा खणला होता आणि ढीगभर रताळी निघाली म्हणून आनंदाने ओरडली होती. जमतील तशी तोडून वेगळी केली, चार उकडली. ती इतकी बेचव लागली की बाकीची टाकून दे, असं तिने आत्याला सांगितलं होतं.

हे त्याला तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण तो मातीचं ढेकूळ बोटांत धरून हळूहळू फोडत होता.

"अजून तरी… काही वर आलं नाही," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी बघा ना."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग टोमॅटोकडे. मग पुन्हा तिच्याकडे, जरा जास्तच वेळ.

"येतो. तोवर बेल दुरुस्त करून देऊ?"

दहा मिनिटांत बेल वाजायला लागली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरं सांगायला तोंड नव्हतं का?" तो गेल्यावर आत्याने विचारलं.

"त्याचं तोंड बघून माझं उघडलंच नाही."

"असं? देखणं होतं वाटतं."

"आत्या, मी इथे रडकुंडीला आलेय!"

"मग रडायचं थांब आणि जिन्याखालचं खोकं काढ. चांगला जिन्नस टाकायला मी काय कुठली राणी आहे? म्हटलं, कुणाच्या तरी गाईला देऊ. भुशात घालून ठेवलेत."

तिने आत्याला घट्ट मिठी मारली. खोक्यात बावीस कंद होते, थोडे सुरकुतलेले, पण कोरडे आणि घट्ट.

सुटका मात्र एवढ्यात नव्हती. ती घड्याळं दुरुस्त करायची. दुसऱ्या दिवशी दुकानात रोपवाटिकेचा माळी घड्याळ न्यायला आला, त्याला तिने विचारलं.

"नुसता कंद काय कामाचा?" माळी म्हणाला. "खोडाला चिकटतो तिथे, मानेशी डोळा असतो. कोंब तिथूनच फुटतो. मान मोडली की खेळ खलास."

आणि तिने तर रताळी समजून सगळ्यांच्या माना मोडल्या होत्या!

रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी ती डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून चार-पाच कंद तपासायची. सोमवार कोरडा गेला, मंगळवारही. शुक्रवारपर्यंत वीस बाद झाले. शनिवारी जुन्या खोडाचा तुकडा अजून चिकटून राहिलेली शेवटची जोडी हातात घेतली… आणि तिने श्वास रोखला. मानेशी गुलाबी ठिपका होता, घड्याळाच्या स्क्रूएवढा. तिने भिंग पुसून पुन्हा पाहिलं. होता!

रविवारी बेल वाजली. दारात तो होता, आणि मागे काठी टेकत त्याचे वडील.

"बाबांना राहवलं नाही," तो म्हणाला.

तिने खोकंच पुढे धरलं. "काका, मी खोटं बोलले. कंद मीच उपटले. रताळी वाटली मला. चार तर… आम्ही खाल्ली. आता हे दोनच आहेत, ह्यांना एक डोळा आहे."

वडिलांनी बोटाने तो ठिपका चाचपला आणि ते पायरीवरच बसले.

"त्या कोपऱ्यात पाणी साचतं, पोरी. पावसाआधी कंद काढून कोरडे ठेवायचे, असं ह्याच्या आईने मला जाताना बजावलं होतं. ह्या वर्षी घर हलवायच्या धांदलीत विसरलो. कुजलेच असणार, असं रोज वाटायचं. ह्याला सांगायचा धीर होईना, म्हणून नुसतं विचारत राहायचो." त्यांनी डोळे पुसले. "तू उपटलेस म्हणून वाचले ग."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लागले कसे?"

"अगदीच… पाणचट."

"तिलाही मी हेच म्हणालो होतो," म्हातारा हसायला लागला. "लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मीही उकडून खाल्ले होते. दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी!"

आत्याने त्यांना चहाला आत नेलं. ती दोघं मागच्या अंगणात गेली. त्याने खड्डा केला, तिने डोळा वर ठेवून कंद आडवे ठेवले, आणि दोघांनी मिळून माती लोटली. बोटांना बोटं लागली, ती कुणीच घाईने मागे घेतली नाहीत.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. न खणता टोमॅटो कोण लावतं?"

"मग परत कशाला आलात?"

"तुम्ही म्हणालात ना… पुढच्या रविवारी या."

ती मातीकडे बघत राहिली. कान मात्र लाल झाले होते.

"फूल यायला किती दिवस लागतात?"

"तीन महिने."

"म्हणजे बारा-तेरा रविवार."

"मधला एखादा वार… चालणार नाही का?"

तिने हात झटकले आणि उठून त्याच्याकडे पाहिलं.

"बेल वाजते आता," ती म्हणाली.