रविवारी सासूबाई येत नाहीत

"मॅडम, सासूबाई परत आल्यात," फोनवर सून कुजबुजली. "खुर्चीत बसल्यात. लवकर या."

सासूबाईंना जाऊन महिना झाला होता. यकृत निकामी झालं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता सुनेच्या रक्ततपासणीतही यकृताचा तोच बिघाड दिसला, तेव्हा इस्पितळाने आरोग्य खात्यातल्या तपासनीस बाईंना कळवलं. शेजारीपाजारी मात्र म्हणत होते, म्हातारी सुनेला घेऊनच जाणार.

बाई पोचल्या तेव्हा सून भिंतीला टेकून बसली होती. नजर रिकाम्या खुर्चीवर. खोली लाँड्रीच्या बरोबर वर होती.

"कधी येतात त्या?"

"दुपारी. डोकं जड होतं, मग दिसतात. बोलत नाहीत. नुसत्या बघतात."

"रोज?"

"रविवारी येत नाहीत."

"खिडक्या बंद का?"

"उघडल्या की निघून जातात."

"घरात आणखी कोण?"

"नवरा ट्रकवर, कायम बाहेरगावी. मुलगी ठणठणीत आहे. शाळा सुटली की मैत्रिणीकडे थांबते. भावोजींनीच बजावलंय तसं. खालची लाँड्री त्यांची. फार जीव आहे पोरीवर. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हाही दर रविवारी येऊन बसायचे."

सुनेने चहा आणि लोणी लावलेला पाव पुढे केला. बाईंनी एक घास घेतला आणि बशी खाली ठेवली. लोण्याला गोडसर वास होता, ड्रायक्लीन होऊन आलेल्या कोटाला येतो तसा.

त्या खाली उतरल्या. मशीन घरघरत होतं.

"याची वाफ कुठे सोडता?"

"पाइप थेट गच्चीवर जातो," दीर म्हणाला. "बघा की वर जाऊन."

बाईंनी पाहिलं. पाइपाच्या तोंडात पाखराचं घरटं होतं, आत अंडी. खाली मशीन चालू असूनही एक काडी हलत नव्हती.

मग त्यांनी दिराला सुनेच्या खोलीत बोलावलं. तो उंबऱ्यावरच थांबला.

"आत या ना."

"इथंच बरा आहे."

बाईंनी खिडकी उघडली आणि कोपऱ्यातलं कपाट सरकवलं. मागे भिंतीला भोक होतं. हातातलं वाफ मोजायचं यंत्र तिथे धरताच कर्कशपणे वाजू लागलं.

"गच्चीवरचा पाइप नुसता दिखाऊ आहे. ड्रायक्लीनिंगच्या रसायनाची वाफ या पोकळ भिंतीत सोडलीय. ती लोण्यात मुरली, यांच्या रक्तात भिनली. मेंदूला गुंगी आली की नसलेलं माणूस दिसतं. रविवारी मशीन बंद, म्हणून भूतही बंद."

"मला काय ठाऊक वाफ इथं येते ते!"

"मग रोज खाली असूनही आईला फक्त रविवारी का भेटायचात? पुतणीला दुपारी घरात का थांबू देत नव्हता? आत्ता उंबरा का ओलांडत नाही?"

दीर तिथेच खाली बसला.

"गल्लीत वासाची बोंब झाली होती. दुकानाला टाळं लागलं असतं. वाटलं, थोड्या वाफेनं काय होतंय... मग आई गेली."

"तेव्हा तरी पाइप काढायचा!"

"काढला असता आणि वहिनी बऱ्या झाल्या असत्या, तर आई कशानं गेली हे सगळ्यांना कळलं असतं. मलासुद्धा."

बाईंनी पोलिसांना फोन लावला. सून त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"बाई," तिने हळूच विचारलं, "आता त्या कधीच दिसणार नाहीत?"

"नाही."

तिने पदर तोंडाशी धरला आणि महिन्यात पहिल्यांदाच सासूसाठी हमसाहमशी रडली.