थर्मासमधली मासोळी

वहिनीच्या प्रयोगशाळेतल्या टाकीत बोटाच्या पेराएवढ्या अकरा म्हाताऱ्या मासोळ्या होत्या, आणि नर एकही नाही. शेवटचा मंगळवारी मेला. ही जात अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्लं देते; पण नराशिवाय पिल्लं कुठून येणार? हिचं दुसरं घर म्हणजे डोंगरातल्या घळीतलं एक डबकं, तेही आटत चाललेलं. म्हणून नर आणायला आम्ही तिघं निघालो: वहिनी, दोर लावून कडे चढण्यात हयात गेलेला माझा दादा, आणि टाक्या साफ करणारा मी.

दोन दिवस चढलो. डबकं सापडलं तेव्हा बादलीभर उरलं होतं. तळाशी एकच मासोळी.

"मादीच!" वहिनी मटकन खाली बसली.

"झालं!" दादा म्हणाला. "एवढी पायपीट करून हात हलवत परत!"

वहिनीने भिंग लावलं. "अहो, थांबा! पोटावर काळा डाग आहे. गाभण आहे ही! भावजी, थर्मास!"

चहा ओतून टाकला, थर्मास खळखळून धुतला, डबक्याचं पाणी भरून मासोळी आत सोडली. तिला हवा लागते, म्हणून झाकण सैल ठेवलं. पाणी हिंदकळू न देण्याचा सराव मलाच, तेव्हा थर्मास माझ्या गळ्यात आला.

उतरताना घात झाला. दगड निसटले!

"सरक!" दादा ओरडला.

मी कड्याला चिकटलो. एका हाताने दोर, दुसऱ्याने थर्मास. दादाची पिशवी दरीत गेली, आणि तिच्यासोबत प्यायचं सगळं पाणी.

दुपारभर तापलेल्या खडकांवरून चाललो. घशाला कोरड पडली. दादा बसला.

"अगं, दोनच घोट. मासोळीपुरतं राहील की."

"नाही."

"माणूस मोठा की मासा?"

वहिनी पुढे चालायला लागली. खरं सांगतो, मला तिचा रागच आला. तरी झाकणावरचा हात मी काढला नाही.

आदल्या दिवशी ओलांडलेला ओढा लागला, तसं दादाने पाण्यात तोंडच घातलं. वहिनीने ओंजळही भरली नाही. आधी थर्मास पांढऱ्या ताटलीत हळूच ओतला. मासोळी कुशीवर तरंगत होती. मेलेली!

मग तिच्याजवळ काहीतरी हललं, पापणीच्या केसाएवढं. एक, दुसरं, आणि बघता बघता सगळी ताटली वळवळायला लागली.

"चौदा!" वहिनीला रडू फुटलं. "यात नर असणारच."

दादा रांगत आला. मिशीवरून पाणी टपकत होतं. तो ताटलीवर वाकला.

"आणि मी दोन घोट मागत होतो," तो म्हणाला, आणि ताटलीत थेंब पडू नये म्हणून मागे सरकला.